ग्रंथवाचन झाले, प्रवारणा राहून गेली

अहमदपूर तालुक्यातील एका गावच्या विहारात वर्षावासाच्या दिवसांत आम्ही ग्रंथवाचनाला बसलो होतो. नांदेड-लातूर रस्ता सोडून आत गेले की बालाघाटाच्या माळावर असलेले हे लहानसे गाव. पत्र्याच्या छताचा विहार, समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. दिवसभर सोयाबीनच्या खुरपणीला गेलेल्या आयाबाया संध्याकाळी हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून वेळेवर हजर होत होत्या. पुरुष मंडळी मात्र बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे पारावर, हॉटेलवर, आणि काही जण जिथे असतात तिथे. त्या जागेचे नाव घेण्याची गरज नाही, प्रत्येक गावाला ती जागा ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील तिसऱ्या खंडाचे वाचन चालू होते. धम्म म्हणजे काय, हे सांगून झाल्यावर अधम्म म्हणजे काय, हे बाबासाहेब सांगतात. ईश्वरावर विश्वास हा अधम्म. आत्म्यावर विश्वास हा अधम्म. यज्ञयाग हा अधम्म. येथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलत होत्या. पुढे बाबासाहेबांनी सांगितले आहे की, धम्माचे ग्रंथ नुसते वाचणे म्हणजेसुद्धा धम्म नव्हे. वाचणारे गुरुजी हे वाक्य वाचून पुढच्या परिच्छेदाकडे वळले. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारले, "गुरुजी, वाचनं म्हंजे धम्म न्हाई, आसं ह्या पुस्तकातच लिवलंय. मग आपुन तीन म्हैने काय करायलोय?"

विहारात शांतता पसरली. गुरुजींनी हसून वेळ मारून नेली, आम्हीही हसलो. शेवटी धम्मपालन गाथा झाली, खीर वाटली गेली आणि सगळे घरी गेले. पण आजीचा प्रश्न विहारातच राहिला. तो प्रश्न अहमदपूरचा नाही, साऱ्या महाराष्ट्रातील बौद्धांचा आहे. म्हणून आज त्यावर लिहीत आहोत.

वर्षावासात ग्रंथवाचन करू नये, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. उलट ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्या समाजातील माउली आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने बसून बाबासाहेबांचा ग्रंथ ऐकते, ही या देशातील लहान घटना नाही. हा ग्रंथ बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत लिहिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो छापून आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो घराघरांत वाचला जातो, ही आमची कमाई आहे. परंतु ज्या माणसाने हा ग्रंथ दिला त्यानेच आत एक इशारा लिहून ठेवला आहे की, नुसते वाचून थांबू नका. तो इशारा आम्ही वाचतो आणि पान उलटतो.

मग धम्म कशात आहे? बाबासाहेबांनी याच खंडात त्याची उत्तरे दिली आहेत. काया, वाचा आणि मन शुद्ध ठेवणे म्हणजे धम्म. जीवनात पूर्णता गाठण्याचा प्रयत्न करणे म्हणजे धम्म. निब्बाणात जगणे म्हणजे धम्म. तृष्णेचा त्याग म्हणजे धम्म. सर्व संस्कार अनित्य आहेत हे समजणे म्हणजे धम्म. कर्म हे नैतिक व्यवस्थेचे साधन आहे हे मानणे म्हणजे धम्म. ही यादी नीट पाहावी. यात देवळात जाणे नाही, नवस नाही आणि पोथीही नाही. जे काही आहे ते समजून घेऊन जगायचे आहे.

निब्बाण या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. मेल्यावर मिळणारी ती एखादी जागा आहे, अशी समजूत आजही आमच्या लोकांत आढळते. बाबासाहेबांनी ही समजूत मोडून काढली. राग, द्वेष आणि मोह या तीन विकारांवर ताबा मिळवून, डोळे उघडे ठेवून, याच जन्मात सन्मार्गाने चालता येणे म्हणजे निब्बाण, असा अर्थ त्यांनी लावला. बोधीची कथासुद्धा त्यांनी अशीच माणसाच्या पातळीवर आणून सांगितली आहे. सहा वर्षांच्या आत्मक्लेशाने काही साधले नाही, हे कळल्यावर सिद्धार्थ गौतमाने उपाशी राहणे सोडले. ध्यानाला बसण्यापूर्वी चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमवले आणि चार आठवडे चिंतन केले. समोर प्रश्न दोनच होते. जगात दुःख आहे, आणि ते नाहीसे कसे करायचे? ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला बोधी सांगू नये, हे या चाळीस दिवसांच्या शिदोरीतून शिकायचे आहे. म्हणूनच आमच्या धम्मात आजीविका आणि मजुरी या गोष्टी प्रज्ञा-शीलाच्या वाटेवरच येतात, वाटेबाहेर राहत नाहीत.

आता पंचशीलाकडे येऊ. लग्न असो, नामकरण असो, जयंती असो की पुण्यानुमोदन, त्रिसरण-पंचशीलाशिवाय आमचा कार्यक्रम सुरू होत नाही. लहान पोरालासुद्धा ते तोंडपाठ असते. पण आपण काय म्हणतो, याकडे किती जणांचे लक्ष असते? प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. वरून कोणी देवाने दिलेली ही आज्ञा नाही, मोडली तर नरक नाही. हिंसेपासून, चोरीपासून, व्यभिचारापासून, खोटे बोलण्यापासून आणि मादक पदार्थांपासून दूर राहायला मी शिकेन, असा शब्द आपण स्वतःलाच देत असतो. शाळेत नाव घालायचे आणि पाच विषयांपैकी एकाचाही अभ्यास करायचा नाही, अशा विद्यार्थ्याला आम्ही काय म्हणतो? मग आम्ही स्वतःला काय म्हणावे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचेही असेच झाले आहे. सुरुवातीच्या प्रतिज्ञांमध्ये जुने देव, अवतार, श्राद्धपक्ष नाकारले आहेत. ते आम्ही जोरात पाळले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत लोकांनी देव्हारे रिकामे केले, टाक आणि मूर्ती नदीत सोडल्या, गावाचा रोष पत्करला. ते धाडस लहान नव्हते. पण अकराव्या प्रतिज्ञेपासून अठराव्यापर्यंत बाबासाहेब आचरणाविषयी बोलतात. अष्टांगमार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांविषयी करुणा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांचा त्याग, आणि शेवटी प्रज्ञा, शील, करुणा यांची सांगड. देव काढून टाकायला एक दिवस पुरला. त्या रिकाम्या झालेल्या जागी शील बसवायला किती वर्षे लागणार आहेत?

भगवान बुद्धांनी गृहस्थासाठी सांगितलेला उपदेश पाहायचा असेल तर दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त पाहावे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. बापाने मरताना सांगितले होते म्हणून. बुद्धांनी त्याची टिंगल केली नाही. दिशांची पूजा अशी करायची नसते, एवढेच सांगून त्यांनी दिशांचे अर्थ बदलले. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. हात जोडायचे ते या माणसांशी नीट वागून. आणि हे एकतर्फी नाही. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली आहेत. नवऱ्याने पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा. कामकऱ्याला त्याच्या ताकदीएवढेच काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी. ज्या काळात राबणाऱ्याला माणूस मानत नव्हते, त्या काळात हे सांगितले गेले.

हे सुत्त अहमदपूरच्या माळावर वाचताना अंगावर काटा येतो. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला निघतात. त्याआधीच, म्हणजे वर्षावास चालू असतानाच, मुकादमाची उचल घरात येते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडायला बायकोही फडात राबते. तिला विचारून उचल घेतली का? ती पोराच्या शिक्षणाला गेली, लग्नाच्या कर्जाला गेली की बाटलीला गेली? कारखाना आणि मुकादम यांनी खालची दिशा पाळली नाही, हे खरे आहे आणि त्यांच्याशी लढलेच पाहिजे. पण घरातली पश्चिम दिशा आम्ही पाळली का, याचे उत्तर आम्हालाच द्यावे लागेल.

याच सुत्तात संपत्ती वाहून जाण्याची सहा तोंडे सांगितली आहेत. मद्यपान, अवेळी भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. मद्यपानाचे तोटे तर मोजून सहा सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. कमाईचे चार वाटे करावेत, असेही सांगितले आहे. एक वाटा खाण्यापिण्याला, दोन वाटे कामधंद्यात आणि एक वाटा अडीअडचणीला राखून. आता एक साधा हिशेब करू. रोज शंभर रुपयांची दारू पिणारा माणूस वर्षाला छत्तीस हजार पाचशे रुपये पितो. दहा वर्षांत तीन लाख पासष्ट हजार होतात. एवढ्या पैशात मुलीचे शिक्षण होते, घरावर स्लॅब पडतो आणि मुकादमापुढे हात पसरण्याची वेळ टळते. पाचवे शील हे सोवळ्याओवळ्याचे नाही, ते आमच्या मुक्तीच्या अर्थशास्त्राचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दारू फक्त आमच्याच वस्तीत आहे, असे कोणी समजू नये. ती सगळ्या जातींत आहे, बंगल्यांत आहे, ढाब्यांवर आहे. आमच्या वस्तीकडे बोट दाखवून स्वतःचे दोष झाकणाऱ्यांना आम्ही हे लिखाण वापरू देणार नाही. पण दुसरा पितो म्हणून आमचे पिणे धम्मात बसत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ज्याच्या तसबिरीपुढे आपण नाचतो, तो माणूस पुस्तकांसाठी जगला. त्याच्यासमोर झिंगून नाचणे हा अपमान परका कोणी करीत नाही, आम्हीच करतो.

सम्यक आजीविकेबद्दलही असेच बोलले पाहिजे. शस्त्रे, प्राणी व माणसे, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. आजच्या काळात ही यादी आपणच पुढे न्यायची आहे. घरकुलाच्या यादीत नाव घालायला गरिबाकडून पैसे घेणारा आमचा असेल, तर त्याची आजीविका सम्यक आहे काय? लग्नात हुंडा घेणारा आमचा नोकरदार सकाळी विहारात पंचशील म्हणतो, तेव्हा दुसऱ्या शीलाला काय वाटत असेल? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला, असे बाबासाहेबांनी व्यथित होऊन सांगितले होते. ती व्यथा आम्ही भाषणात सांगतो आणि घरी येऊन विसरतो. प्रज्ञेला शीलाची जोड नसेल तर विद्या हे दुधारी हत्यार होते, हेही त्यांनीच शिकवले.

काही कार्यकर्ते म्हणतील की, समाजावर अत्याचार होत असताना शीलाचे काय घेऊन बसलात? त्यांना आमचे उत्तर असे की, धम्माचे शील हे भित्र्याचे शील नाही. बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. द्वेषाने हात उगारू नये, पण अन्यायापुढे मान तुकवावी, असे धम्म कुठेही सांगत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीसह मराठवाड्यात आमची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. लोक उघड्यावर आले, पण त्यांनी नाव सोडले नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे धीर धरणे ही खंती पारमिता होती, निश्चय न सोडणे ही अधिष्ठान पारमिता होती. आमच्या लोकांनी पारमिता रस्त्यावर जगून दाखवल्या आहेत. मग त्या घरात आणि वस्तीत जगता येणार नाहीत काय?

आता आजीच्या प्रश्नाकडे परत येतो. वर्षावास कसा सुरू झाला, हे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत असत. हिरवे गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायाखाली तुडवले जात. लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी ती ऐकून भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. म्हणजे वर्षावासाचा जन्मच मुळी लोकांच्या टीकेतून झाला आहे. आणि शेवट कशाने होतो? प्रवारणेने. आश्विन पौर्णिमेला भिक्खू संघासमोर बसून स्वतःच म्हणतो की, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला संशय असेल, तर करुणेने मला सांगा. मी तो सुधारीन.

या नियमामागची कथाही मोठी बोलकी आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून तीन महिने एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. आपण मोठ्या शांततेने राहिलो, असे ते बुद्धांना सांगू लागले. बुद्धांनी त्यांची स्तुती केली नाही. जनावरे एकत्र राहतात तसे तुम्ही राहिलात, अशा शब्दांत त्यांना फटकारले आणि प्रवारणेचा नियम दिला. आमच्या वस्त्यांची एकी अनेकदा या भिक्खूंच्या शांततेसारखी असते. शेजारी रोज बायकोला मारतो हे सगळ्यांना माहीत असते, पण 'त्याच्या घरातला मामला' म्हणून सगळे गप्प. समितीचा हिशेब लागत नाही, पण 'आपलाच माणूस' म्हणून सगळे गप्प. ही शांतता धम्माची नव्हे.

आम्ही ग्रंथवाचनाचा वर्षावास गृहस्थांपर्यंत आणला, पण प्रवारणा भिक्खूंकडेच ठेवली. आश्विन पौर्णिमेला आमच्याकडे ग्रंथसमाप्ती होते, भोजनदान होते, सत्कार होतात, फोटो निघतात. यात गृहस्थांची प्रवारणा का असू नये? अहमदपूरच्या गावांतील बौद्ध बांधवांपुढे आम्ही ही सूचना ठेवतो. ग्रंथसमाप्तीच्या दिवशी, ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी, विहारात बसावे. सुरुवात पदाधिकाऱ्यांनी आणि बौद्धाचार्यांनी करावी, व्यासपीठावर बोलणाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही करावी. स्वतः उभे राहून विचारावे, माझे काय चुकले? कोणावर जबरदस्ती नको, कोणाची फजिती नको, राजकीय पक्षाचा विषय नको. जो विचारील त्यालाच सांगावे आणि करुणेने सांगावे.

घरातल्या बाईने नवऱ्याविरुद्ध एकटीने बोलावे, अशी अपेक्षा धरू नये. घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते. उपासिका संघाने सगळ्यांच्या वतीने बोलावे आणि पुढे तिच्या पाठीशी उभे राहावे. गावातल्या परवानाधारक दुकानाचा त्रास असेल तर कायद्यानेच वाट ठेवली आहे. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. आणि वर्षभरासाठी प्रत्येक घराने एकच शील निवडावे, एकच दोष सोडण्याचा निश्चय करावा. पुढच्या आश्विन पौर्णिमेला त्याचाच हिशेब द्यावा. पाचही शीले एका दिवसात जमणार नाहीत. ती सिक्खापदे आहेत, शिकत शिकतच यायची.

ती आजी स्वतः ग्रंथ वाचू शकत नाही. ऐकून ऐकून तिने तो इतका नीट समजून घेतला की बाबासाहेबांचा इशारा तिला एकटीला ऐकू आला. तिने आम्हाला प्रवारणेच्या आधीच आमचा दोष दाखवला आहे. त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली, हा आमचा दोष येथे कबूल करतो. पुढच्या आश्विन पौर्णिमेला त्याच विहारात जाऊन, सगळ्यांसमोर आम्ही तिला विचारणार आहोत की, आजी, या वर्षी आमचे काय चुकले? आणि ती जे सांगेल ते ऐकून घेणार आहोत.